उलटी चकली

बालाघाट, २९ ऑक्टोबर २०२५

मयुरी,

आशीर्वाद आधी घे, तक्रारी मागून येतातच. पत्र पाहून हसू नकोस. फोन लावला की तू "ताई, नंतर करते" म्हणतेस आणि तुझं ते नंतर काही उगवत नाही. कागदाला मध्येच कापता येत नाही, म्हणून कागद. मलाजखंडच्या बसवरचा पुनाराम कंडक्टर हे पाकीट टोस्टच्या पुड्यासोबत तुझ्या हातात देईल. टोस्ट जावईबुवांसाठी, कुशलरावांसाठी आहेत, तू एकटीने संपवू नकोस.

तू दिवाळी करून गेलीस आणि दुकान सुनं झालं. गल्ल्याची पेटी मी पुन्हा उजवीकडे घेतली, कारण डावरी माणूस आता घरात नाही. तीन वेळा मात्र डावीकडेच हात गेला.

आता खरं सांगते. आपल्या बेकरीवर चोरीचा आळ आला आहे.

राजेगावची मैनाबाई तुला आठवते ना, आईच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक? दिवाळीआधी ती डोळ्याच्या ऑपरेशनला गोंदियाला गेली. जाताना घरात चोरी होईल या भीतीने तिने आपली गळ्यातली सोन्याची एकदाणी चिंधीत बांधून फडताळावरच्या पिठाच्या डब्यात खुपसून ठेवली. सांगितलं कुणालाच नाही. सून राखीने दिवाळीसाठी तूप-साखर काढली, वरचा पिठाचा डबा उतरवला आणि जसाच्या तसा नवऱ्याच्या, भोजराजच्या हाती आपल्याकडे पाठवला. सासू परत आली, काळा चष्मा लावूनच फडताळापाशी गेली, डबा उघडला. आत नानखटाई.

परवा भोजराज हवालदाराला घेऊन दुकानात आला. हवालदार भिंडकडचा, त्याला आपली रीत ठाऊक नाही. त्याला मी सगळं समजावलं. दिवाळीला लोक घरचं पीठ, तूप, साखर आणून देतात, आम्ही मळून भाजतो आणि ज्या डब्यात पीठ आलं त्याच डब्यात नानखटाई परत देतो. भेसळ नाही, अदलाबदल नाही. एका घराचा ट्रे दुसऱ्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक घराची बिस्किटावर खूण असते, कुणाची चारोळी, कुणाची काट्याची टोचणी. तो म्हणाला, "मतलब आटा आप लोग ही छानते हो?" मी म्हटलं, "हौ." माझ्याच तोंडाने मी आम्हाला अडकवलं.

राजेगावचा डबा आला त्या दिवशी मी गोंदियाला साचे आणायला गेले होते. दुकानात तू आणि भट्टीवर वसंताकाका. हवालदारासमोरच फोन लावला तेव्हा तू म्हणालीस की तू गल्ल्यावरून उठलीच नाहीस आणि पीठ काकाने मळलं. मी तेच सांगितलं. काकाला विचारलं तर म्हणाला, "भट्टीवर साऱ्यायचाच हात लागते, मले काही याद नाही." एवढं ऐकलं आणि भोजराजने त्याच्या मुस्काटात मारली, रस्त्यावर, सगळ्यांसमोर. काकाने गालावरचं पीठ पुसलं, चपला घातल्या आणि गेला. त्यानंतर आलेला नाही.

मयुरी, आई गेल्यापासून भट्टी त्याच्याच जिवावर चालली आहे. तू म्हणालीस ना नंतर रात्री फोनवर, "ताई, काकाच्या मंजूचं लग्न ठरलं, आता एवढा खर्च कुठून होऊन राह्यला ते पाह्य," ते माझ्या डोक्यातून जात नाही. पटतही नाही. तुळशीच्या लग्नासाठी आलेले डबे बायका परत घेऊन चालल्या आहेत. कुणी कारण सांगत नाही, सगळ्यांना अचानक घरीच करायची हौस आली आहे.

नीट आठवून लिही. त्या दिवशी भट्टीकडे दुसरं कोण आलं होतं?

तुझीच लाडकी
ताई


बालाघाट, ७ नोव्हेंबर २०२५

मयुरी,

उत्तर नाही. हरकत नाही, मीच लिहिते. तुझी ताई आता जासूस झाली आहे. हस. पाव भाजणारी बाई चोर शोधायला निघाली. हवालदाराने काही शोधलं नाही, दोन क्रीमरोल तेवढे शोधून खाल्ले.

माझा पहिला संशय राखीवर गेला. सासूचं सोनं, सुनेचा हात, आणि घरात सासू नाही. यासाठी डोकं लागत नाही. मी बाजारात तिला गाठलं, चहा पाजला, गोडगोड बोलले. ती भर हॉटेलात रडायला लागली. म्हणाली, "मले मालूम असतं त मी डबा पाठवला असता काय जी? आता सासू मले पाणी बी मांगत नाही. स्वताच उठते अन् ठेचकाळते." जिला सोनं मिळालं ती असं रडणार नाही. आणि चोरी करणारी सून डबा स्वतःच दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतःवर बोट का ओढून घेईल? तिला मी मनातून सोडलं.

मग बिरसाला गेले. हो, काकाकडे. तुझ्या सांगण्यावरून त्याच्या घरात पाहिलं, लपवत नाही. गोठा रिकामा होता. मंजूच्या लग्नासाठी त्याने दोन्ही म्हशी विकल्या आहेत, विकत घेणारा शेजारीच राहतो आणि म्हशी त्याच्या अंगणात उभ्या आहेत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला रवंथ करताना दिसलं.

काका खाटेवर बसला होता. मी म्हटलं, "काका, पीठ कोणी मळलं एवढंच सांग." त्याने तंबाखू मळायला घेतला. मग म्हणाला, "मयुरी कशी आहे?" मी म्हटलं बरी आहे. म्हणाला, "झालं मंग. तिले इकडचं काही सांगू नको." आळ आलेला माणूस अजून तुझीच काळजी करतो.

येताना बसमध्ये पुनाराम भेटला. म्हणाला, "मयुरीची दुकान एकदम झकास सजली हो ताई, काच का काउंटर, बिजली की भट्टी." मी "हौ, माहीत आहे" म्हटलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

दुकान काढलंस? कधी? मला सांगितलं असतंस तर मी नारळ घेऊन आले असते. आईचा लाकडी साचा दिला असता. तू लपवलंस याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण चांगलं झालं. मनापासून सांगते, चांगलं झालं. पहिला घाणा देवाला ठेवलास ना?

ताई


बालाघाट, २० नोव्हेंबर २०२५

मयुरी,

काल राजेगावच्या मंडईच्या जत्रेत दुकान लावलं होतं. गर्दी खूप, दंडारीचा नाच रंगात आला होता, पण माझे क्रीमरोल मात्र कुणी घेतले नाहीत. लहान मुलं यायची आणि आया हात धरून मागे ओढायच्या.

मैनाबाईच्या घरी जाऊन आले. तिथे काही सापडलं नाही.

तुझ्या नव्या दुकानात नानखटाई करतेस का? खुणा करतेस की आता छापाची मशीन आहे? विजेच्या भट्टीत खूण टिकते का? मला उगाच उत्सुकता.

पाकिटात एक बिस्कीट ठेवलं आहे. शिळं आहे, खाऊ नकोस. नुसतं बघ.

ताई


बालाघाट, ३० नोव्हेंबर २०२५

मयुरी,

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. एकदा तरी तूच फोन करशील म्हणून लिहिलं. तू केला नाहीस. म्हणून आता सगळं लिहिते आणि तुला ते शेवटपर्यंत वाचावं लागेल, कारण मला किती कळलं आहे हे तुला कळायला हवं आहे. तेवढं तुला मी ओळखते.

मैनाबाई ओसरीवर बसली होती. मला वाटलं हाकलून देईल. तिने पाट सरकवला. म्हणाली, "तुया मायनं माया घरचं पीठ कदी दुसरीकडे नाही जाऊ देल्लं. म्हनून तुले बसू देतो." मग डबा आणवला. त्यातलं एकही बिस्कीट कुणी खाल्लं नव्हतं. म्हणाली, "चोराच्या हातचं पोटात कसं घालू, बाई? अन् अन्न फेकू तरी कसं?" अन्न फेकायचं नाही आणि चोराचं खायचं नाही, अशा पेचात तो डबा दिवाळीपासून तसाच पडून होता.

मी झाकण काढलं.

मैनाबाईच्या घराची खूण तुला सांगायला नको. चकली. सुरीच्या टोकाने मधून सुरू करून बाहेरपर्यंत काढलेलं वळण. आईने ती खूण तिच्यासाठी ठेवली, कारण मैनाबाईच्या चकल्या आईला आवडायच्या. भाजल्यावर बिस्कीट पसरतं, तडकतं, पण वळण ज्या बाजूने फिरलं त्याच बाजूने राहतं. माझं वळण घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. काकाचंही तसंच. आईचंही तसंच होतं.

डब्यातली सगळी वळणं उलटी होती. मी वरचं काढलं, खालचं काढलं, तळातलं काढलं. एक एक बिस्कीट ओसरीवर मांडलं. मैनाबाई म्हणाली, "काय पाह्यतं?" मी म्हटलं, "काही नाही, आजी. भाजणी पाहून राह्यली."

आपल्या भट्टीवर उलटी चकली एकाच हाताची फिरते, मयुरी.

तू लहान असताना सोऱ्या फिरवायला बसलीस की तुझी चकली उलटी यायची. आई चिडायची, अपशकुन म्हणायची. तुझा डावा हात ओढणीने पाठीशी बांधून ठेवायची आणि उजव्याने कर म्हणायची. तू हुंदके द्यायचीस. आई पाणी आणायला गेली की मी ती गाठ सोडायचे. त्यापायी मी मारही खाल्ला आहे. एकदा आईला म्हटलं, "तिचा हात उलटा नाही, तिचा तसाच आहे." तेव्हापासून तिने बांधणं सोडलं.

तू गल्ल्यावरून उठली नव्हतीस ना? मग राजेगावच्या डब्यावर तुझं बोट कसं फिरलं? पीठ तू चाळलंस. चाळणीत चिंधी आली. तू ती सोडलीस, पाहिलीस, पदरात बांधलीस, आणि मग शांतपणे बसून प्रत्येक बिस्किटावर मैनाबाईची खूण काढलीस. एकही चकली तुटलेली नाही.

हे पाहूनही मी स्वतःची समजूत घालत होते. म्हटलं, काकाच्या मदतीला खुणा काढून दिल्या असतील, नंतर विसरली असेल, घाबरून नाही म्हणाली असेल. स्वतःच्या बहिणीसाठी माणूस किती वाटा काढतो.

मग मंगळवारी कुशलराव दुकानात आले. कंपनीच्या कामाने आले होते. हातात पेढे. वाकून माझ्या पाया पडले. म्हणाले, "ताई, आपने जो किया ना, सगी माँ नहीं करती. तुम्ही आईची एकदाणी हिले देल्ली, म्हणून दुकान उभं झालं. ही मले म्हणे, ताईले बोलू नका, तिले संकोच होते. पण मले राहवलं नाही."

आईची एकदाणी.

आपल्या आईच्या गळ्यात काळ्या मण्यांशिवाय काही नव्हतं. मंगळसूत्रातल्या दोन वाट्याही खोट्या होत्या, आणि ती गेल्यावर त्या तूच काढल्यास. तू चोरलेल्या सोन्यावर तिचं नाव घातलंस, आणि देणारी म्हणून माझं.

मी काय केलं असेल? चहा केला. खारी दिली. "हौ," म्हटलं. "बहिणीले नाही तर कोणाले देणार." ते गेले आणि मी भट्टीमागे जाऊन बसले. पावाचा घाणा आत होता, तो करपला. वास रस्त्यापर्यंत गेला तेव्हा शेजारच्यांनी हाक मारली.

मला चीड सोन्याची नाही. सोनं पाहून माणूस घसरतो, मी समजू शकते. मला चीड त्या फोनची आहे. काकाच्या तोंडात बसली होती, तो उपाशी बिरसाला गेला होता, मी रडत तुला फोन केला आणि तू मला मंजूच्या लग्नाच्या खर्चाचं सांगितलंस. कसं सुचलं गं? ज्याने तुला खांद्यावर बसवून मंडई दाखवली त्याचं घर मला दाखवलंस, आणि मी खरोखर जाऊन त्याचा गोठा पाहून आले. माझे डोळे तू वापरलेस.

आणि आता हेही ऐक. काकाला माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही दोघंच होतात, पीठ कोणी मळलं हे त्याला ठाऊक नसेल का? त्याने मार खाल्ला आणि तुझं नाव घेतलं नाही. मला विचारलं काय, तर मयुरी कशी आहे.

येत्या रविवारपर्यंत ये. एकदाणी घेऊन ये, नाहीतर नुसती ये. मैनाबाईसमोर मी तुझ्या शेजारी बसेन. जे बोलायचं ते तू बोल, उरलेलं मी बोलेन. मी तुला हाकलणार नाही. पण ये.

ताई


बालाघाट, १० डिसेंबर २०२५

मयुरी,

रविवार गेला. तू आली नाहीस. तुझा एक मेसेज आला, "ताई बिस्कुट से कुछ साबित नहीं होता." बहिणीला लिहिलेलं पहिलं उत्तर, आणि तेही हिंदीत, वकिलासारखं. खरं आहे, कोर्टात साबित होणार नाही. मी कोर्ट नाही.

मी आणखी थांबलेही असते. आठवडा, महिना. मला माझी खोड माहीत आहे, तुझ्या बाबतीत मी थांबतच आले आहे. पण सोमवारी मंजू दुकानात आली. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला होता की बाप चोर आहे असं ऐकतो, तेव्हा लग्नाचं पुढे पाहू. तिने मला दोष दिला नाही. फक्त विचारलं, "ताई, तुमाले बी असंच वाटते काय, बाबानं घेतलं?" मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की मी गप्प राहिले तर तुझी चोरी आता माझीही झाली.

काल मी राजेगावला गेले. काकाला बिरसाहून सोबत घेतलं. तो येत नव्हता. वाटेत म्हणाला, "जाऊ दे ना संध्या. माया गाल आता बरा झाला." मी म्हटलं, "मंजूचा नाही झाला."

माझ्या निरोपावरून भोजराजने गावातली चार माणसं बोलावली होती. मी मैनाबाईचा डबा मागितला. परात मागितली, पीठ मागितलं. सगळ्यांसमोर काकाच्या हातात सुरी दिली आणि म्हटलं, चकली काढ. मग मी काढली. मग भोजराजला काढायला लावली, राखीला लावली. सगळ्यांची एकाच बाजूने फिरली. शेजारी डब्यातली बिस्किटं ठेवली. मैनाबाईने चष्मा काढला, नव्या डोळ्याने अगदी जवळून पाहिलं. तिनेच विचारलं, "मंग ह्या कोनाच्या हातच्या?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. काकाने माझी बाही धरली. मयुरी, मी तुझं नाव घेतलं. मी सांगितलं, माझी बहीण डावरी आहे.

भोजराज उठला, काकापुढे उभा राहिला, आणि त्याला काय करावं कळेना. शेवटी त्याने स्वतःचा गाल पुढे केला. काका म्हणाला, "बस बावा, चहा पाज." मैनाबाई माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर मी कुशलरावांना फोन केला. त्यांना आता सगळं माहीत आहे. ते एवढंच म्हणाले, "ताई, उस दिन आपने हौ क्यों बोला?" एकदाणी सोनाराकडे गहाण आहे, ती सोडवून ते स्वतः राजेगावला आणून देणार आहेत. मैनाबाई म्हणते, सोनं आलं की पोलिसांचं मी पाहते. तिचा शब्द मोठा आहे, पण तो तिचा आहे. त्यावर तू हक्क सांगू नकोस.

मंजूचं लग्न ठरल्या तिथीला होणार. वऱ्हाडाची नानखटाई आपल्या भट्टीवर भाजायची आहे. पीठ मैनाबाईने पाठवलं आहे, त्याच डब्यात. मी ते चाळायला घेतलं तेव्हा मला भीती वाटली, कशाची ते सांगता येत नाही. पीठच होतं. काका आज सकाळपासून भट्टीवर आहे. त्याने गल्ल्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेटी डावीकडून काहून हटवली?"

तुला शाप देणार नाही. माफही केलेलं नाही, तो शब्द इतक्यात माझ्या तोंडात येणार नाही. तू माझा वापर केलास, आईचा केलास, आणि ज्या माणसाने तुझ्यासाठी मार खाल्ला त्याच्यावर दुसरा मार पडावा याची सोय केलीस. हे मला रोज पीठ चाळताना आठवणार आहे.

पुनारामच्या हाती हे शेवटचं पाकीट. टोस्ट नाहीत. आईची ती ओढणी आहे, ट्रंकेत तळाशी होती. आई तुझा हात बांधायची तेव्हा गाठ सोडायला मी होते. काल चार माणसांत तोच हात मी दाखवून दिला.

हे पाकीटही तू डाव्याच हाताने फाडलं असशील.

संध्या